खालून पडलेला उजेड

कृष्णात चौगलेच्या सगळ्या नायिकांना नाक एकच होतं, चाफेकळीसारखं. केस गुडघ्यापर्यंत, डोळे टपोरे, दात डाळिंबाच्या दाण्यांसारखे आणि गालावर खळी. तीही दोन्ही गालांवर, कारण एकीवर भागवण्याइतका तो कंजूष नव्हता. 'निशिगंधा' या नावानं त्यानं पंधरा-वीस तरी कादंबऱ्या पाडल्या असतील. एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्यांत त्या दोरीला अडकवलेल्या असत आणि लोक त्या विकत घेऊन आधी खाकी कागदात गुंडाळत, मग वाचत. वाचून झाल्यावर गादीखाली ठेवत. कृष्णात स्वतःसुद्धा आपली पुस्तकं गादीखालीच ठेवायचा, यावरून काय ते समजा.

दिवसा तो कसबा बावड्याला साखर कारखान्यात कारकून होता. गळ्यात मफलर, खिशाला पेन, मान खाली. बायको शालूबाई हिला वाटायचं की रविवारी दुपारी माळ्यावर बसून नवरा कुठल्यातरी दुकानाचा जमाखर्च लिहितो. निशिगंधा म्हणजे हाच बाप्या, हे अख्ख्या कोल्हापुरात दोघांनाच ठाऊक होतं. एक प्रकाशक हंबीरराव, दुसरा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त सिकंदर पेंटर.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. दसरा झाला आणि हंबीररावांनी त्याला शाहूपुरीत बोलावून घेतलं. गुळाच्या अडतीच्या वर त्यांची खोली होती. खालून गुळाचा वास, वर शाईचा.

"चौगले, वडगावच्या स्टँडवरचा टपरीवाला काय म्हणाला ठावं हाय? म्हणाला, अण्णा, गिऱ्हाईक पुस्तक परत आणतंय. म्हणतंय, हे वाचलेलं हाय. आरं, नवं पुस्तक, अजून शाई वाळली न्हाय, आन म्हणं वाचलेलं हाय!"

"कथा येगळी हाय की, अण्णा."

"कथा कोण वाचतंय रं? बाई तीच हाय. तेच क्यास, तेच डोळं. गुडघ्यापातूर क्यास म्हंजे काय दावं हाय व्हय म्हशीचं? मला बाई पायजे. खरी. रस्त्यानं जाताना कुठंतरी बघितल्यागत वाटंल अशी. दिवाळी झाली की छापायला घ्यायचं हाय. न्हाय जमलं तर सांग, दुसरा गडी बघतो."

कृष्णातला ते फार लागलं. चावट लिहितो म्हटलेलं त्याला चाललं असतं, वाईट लिहितो म्हटलेलं नाही. लेखकाची जात म्हणतात ती हीच.

त्या रविवारी तो माळ्यावर न जाता खालीच बसला आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायकोकडं निरखून बघायला लागला. शालूबाईनं थोडा वेळ सोसलं.

"काय बघताय? कुंकू फराटलंय व्हय?"

"न्हाय, न्हाय."

"मग जावा की वर. हितं चुलीपाशी काय काम?"

गेला बिचारा वर. दुसरं कुणाचं तोंड आठवावं? शेजारणींची त्याला लुगडी आठवत होती, तोंडं नाहीत. कारखान्यात ऊस घेऊन येणाऱ्या बायकांशी बोलताना तो वजनाच्या काट्याकडं बघायचा. बायकांच्या वर्णनावर नाव कमावलेला हा माणूस कधी कुठल्या बाईकडं मान वर करून बघायला धजावलाच नव्हता. सभ्य होता म्हणा, भित्रा होता म्हणा. दोन्हींत तसा फार फरक नसतो.

एकच चेहरा होता. वर्षातून एकदा, अगदी जवळून, पाटावर बसून, हक्कानं बघितलेला. शमशादचा.

शमशाद म्हणजे सिकंदरची बहीण. कृष्णातला बहीण नव्हती. लहानपणी एका भाऊबीजेला तो दारात रडत बसला, तेव्हा त्याच्या आईनं शेजारच्या बिबीजानला, सिकंदर-शमशादच्या आईला, हाक मारली आणि कुंकवाची कोयरी, सुपारी आणि पितळेचं निरांजन त्यांच्या घरी पाठवून दिलं. तेव्हापासून शमशाद त्याला दर दिवाळीला ओवाळत आली. ते निरांजन मग परत गेलंच नाही. बिबीजाननं ते फडक्यात गुंडाळून कपाटात आपल्या ठेवणीतल्या कपड्यांबरोबर ठेवलं होतं आणि वर्षातून एकदा ती ते चिंचेनं घासून बाहेर काढायची. कृष्णातची आई गेली, पण भाऊबीज चुकली नाही. शमशाद आता चोवीस-पंचवीस वर्षांची झाली होती. मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होती आणि पेठ वडगावचं एक चांगलं स्थळ नुकतंच ठरलं होतं. लग्न थंडीत होतं.

त्या दुपारी तो चेहरा त्यानं बोलावला नव्हता, असं तो पुढं स्वतःला सांगत राहिला. पण बोलावला नव्हता तर घालवला का नाही? पेन चालू लागलं आणि थांबेचना. घारट डोळे, ज्योत हलली की त्यांत मधासारखा रंग हलतो. वेणीतून सुटून कपाळावर चिकटलेली बट, जी ती हात गुंतलेले असल्यामुळं फुंकरीनं उडवते. वरचा ओठ जरा आखूड, त्यामुळं गप्प असतानाही ती बोलायच्या बेतात असल्यासारखी वाटते. खळी एकच, डाव्या गालावर, आणि तीही हसू आवरताना पडते, हसताना नाही. आणि डाव्या भुवईच्या टोकाला एक बारीक खोक, जिथं केस उगवलेच नाहीत. तिथं बोट ठेवावंसं नायकाला वाटलं, असं कृष्णातनं लिहिलं. मग नायकानं बोट ठेवलं, असंही लिहिलं. पुढं नायक तिच्या केसांपर्यंत गेला आणि मानेपर्यंत गेला. लिहून झालं तेव्हा कृष्णातचे कान तापले होते, आणि असं चांगलं आपण जन्मात लिहिलं नाही हेही त्याला कळलं होतं.

मग त्यानं सारवासारव केली. नाव मधुराणी ठेवलं. तिला एका जहागीरदाराची बायको केलं. हातात ओवाळणीच्या ताटाऐवजी दिवा दिला आणि जिन्यात उभं केलं. नाव बदललं, गाव बदललं, जात-धर्म बदलला, आता यात शमशाद राहिलीच कुठं, असं म्हणून तो जेवायला खाली आला. माणूस स्वतःला फसवायला बसला की फार कष्ट पडत नाहीत.

हंबीररावांनी पानं उभ्या उभ्याच वाचली आणि मग खुर्ची ओढून परत एकदा बसून वाचली.

"चौगले," ते हळूच म्हणाले, "ही बाई जिती हाय. कोण हाय रं ही?"

"कोण न्हाय. मनातली."

"मनातली तर मनातली. कव्हरावर हीच पायजे, हुबेहूब. आपला जुना पेंटर मुंबईला गेला. आता तुझ्या सिकंदरला सांगतो."

कृष्णात घाईनं म्हणाला, "अण्णा, सिकंदर नगं. त्यो सिनेमाचं बोर्ड रंगवतो, त्याला बारीक काम..."

"त्याच्याएवढं त्वांड कोण काढतंय कोल्हापुरात? मी निरोप धाडलाय बी. त्यो म्हणाला, किस्नाला वाचून दाखवायला लावा, मी काढतो. ही पानं घे आन आजच जा. दिवाळी तोंडावर आलीया."

सिकंदरची कामाची रीत कृष्णातला ठाऊक होती. कुणी मेलेल्या म्हाताऱ्याचा फोटो नसायचा, घरातली माणसं येऊन बसायची आणि सांगायची, नाक असं होतं, मिशा अशा होत्या. सिकंदर पेन्सिल घेऊन ऐकत जायचा, अधूनमधून एखादा प्रश्न विचारायचा आणि ऐकता ऐकता म्हातारा कागदावर येऊन बसायचा. मग घरची माणसं रडायची. त्याला वाचून दाखवायचं म्हणजे काय, हे कृष्णातइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

वाटेत त्यानं ठरवलं की वाचताना शब्द बदलायचे. डोळे काळेभोर करायचे, खळी दोन्ही गालांवर टाकायची आणि भुवईची खोक तर गाळूनच टाकायची. एवढी पुस्तकं लिहिली, एक चेहरा ऐनवेळी बदलता येणार नाही? वीस नायिकांचं नाक ज्यानं एका दमात चाफेकळी केलं, त्याला एकविसावं जड का जावं?

सिकंदरच्या पुढच्या खोलीत भिंतीला कुठल्यातरी सिनेमातल्या खलनायकाचं दारापेक्षा मोठं तोंड टेकून ठेवलं होतं. सिकंदर खाली मांडी घालून पेन्सिलीला टोक काढत होता.

"या निशिगंधाबाई, या," तो मोठ्यानं म्हणाला आणि आतल्या दाराकडं बघून त्यानं जीभ चावली. मग हळू आवाजात म्हणाला, "बस. सावकाश वाच. घाणघाण असंल ते गाळ, मला निस्तं त्वांड पायजे."

आतून शमशाद डोकावली. हातात पीठ, कपाळावर बट. "दादा आलायस व्हय? बस, च्या ठेवते. आन ऐक, औंदाची भाऊबीज ह्या घरातली शेवटची. फुडल्या वर्साला वडगावला यायचं. येशील न्हवं?"

"येईन की," कृष्णात म्हणाला आणि त्यानं हातातल्या कागदांत तोंड घातलं.

त्यानं वाचायला सुरुवात केली. जिना, अंधार, मधुराणी. "तिचे डोळे काळेभोर..."

"थांब," सिकंदर म्हणाला. "काळंभोर? हंबीरराव म्हणालं, डोळं येगळं हायत. मधाचं काय तरी म्हणालं."

हंबीररावांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कृष्णातनं पान उलटल्यासारखं केलं. "व्हय, ते म्होरं हाय. जरा घारट."

"घारट. बरं." पेन्सिल कागदावर हलली. "उजेड कुठनं पडतोय?"

याचं उत्तर त्यानं तयार ठेवलं नव्हतं. चेहऱ्याबद्दल खोटं बोलायची तयारी त्यानं केली होती, उजेडाबद्दल कोण करतं? त्याच्या डोळ्यांसमोर तो चेहरा होता आणि तोंडातून खरं ते निघून गेलं. "खालनं."

"खालनं? हातात दिवा धरलाय तर बाजूनं पडंल की."

"न्हाय. खालनं. समोरनं, हनुवटीखालनं. त्यो... खाली बसलाय."

"आन ती वाकलीया?"

"जराशी."

हनुवटीखाली उजळ, डोळ्यांच्या वर सावली, असं सिकंदर काढत गेला. कृष्णात वाचत होता आणि शब्द बदलत होता, पण बदललेला प्रत्येक शब्द त्या उजेडात खोटा पडत होता. सिकंदर डोकं हलवायचा, "असं न्हाय बसत," म्हणायचा आणि विचारायचा. ओठ मिटलेलं का उघडं? खळी दोन्हीकडं कशी पडंल, हसतीया का हसू दाबतीया? डाव्या गालावर, कृष्णात म्हणाला. वरचा ओठ आखूड, तो म्हणाला. आता वाचणं कुठलं, नुसती उत्तरं चालली होती, आणि ती अशी चालली होती की त्याची त्यालाच लाज वाटावी. एवढं बारीक बघितलंय आपण? पाटावर बसून? बहीण ओवाळत असताना?

मग सिकंदरचे प्रश्न थांबले.

पेन्सिल मात्र थांबली नाही. उलट ती आता भराभर चालली, ओळखीच्या रस्त्यानं चालावं तशी. सिकंदरनं बट काढली. कानाची पाळी काढली, जिच्याबद्दल कृष्णात अवाक्षर बोलला नव्हता. मग तो डाव्या भुवईशी आला, पेन्सिल उचलली आणि खोडरबरानं भुवईच्या टोकाला एक बारीक फट पाडली.

ती खोक कृष्णातनं वाचलीच नव्हती. वाचायची गरजही नव्हती. पंचगंगेकडच्या उतारावर एकाच सायकलवर ही तिघं बसली होती. हँडल कृष्णातच्या हातात, मागं सिकंदर, पुढं नळीवर लहानगी शमशाद. पडले तेव्हा रक्त थांबेना म्हणून दोघा पोरांनी आपापले सदरे काढून तिच्या कपाळाला दाबून धरले होते आणि घरी मार खाल्ला होता.

सिकंदरनं पेन्सिल खाली ठेवली. त्यानं वर बघितलं नाही. कृष्णातलाही बघता आलं नाही. दोघांच्या मध्ये कागदावर शमशाद होती, खालून उजळलेली, बोलायच्या बेतात.

खरी शमशाद चहाचे कप घेऊन आली. कप ठेवायला वाकली आणि तशीच राहिली.

"या अल्ला! ही तर मीच की!"

तिनं कप ठेवले, पदराला हात पुसले आणि कागद उचलून उजेडाकडं धरला. तिचं तोंड असं फुललं की कृष्णातला जमीन दुभंगून आपल्याला घेईल तर बरं असं झालं.

"माझं चित्र काढवून घेत व्हतास व्हय, दादा? लगनासाठनं? आन मला पत्ताच लागू दिला न्हाई दोघांनी!" ती सिकंदरकडं वळली. "मला समोर न बसवता काढलंस?"

सिकंदर खाली बघतच बोलला. आवाज साधा होता. "मी कुठलं काढतोय? किस्ना सांगत गेला, मी काढत गेलो."

"समदं? दादानं सांगितलं? भुवयीची खोकसुदीक?"

"ती मी घातली," सिकंदर म्हणाला. "बाकीचं समदं त्येनं सांगितलं."

"बघ की! सख्ख्या भावाला सांगावं लागतंय आन दादाच्या ध्यानात हाय." तिच्या घारट डोळ्यांत पाणी आलं. हसू आवरताना डाव्या गालावर खळी पडली. कृष्णातनं ती बघितली आणि बघितली म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अम्मीला दाखवून येते," म्हणत ती आत पळाली. आतून बिबीजानचा आवाज आला, मग दोघींचं हसणं.

सिकंदरनं हात पुढं केला. "आण."

"सिकंदर, ऐक..."

"आण म्हणतो."

दुसऱ्याचं लिहिलेलं कधी न वाचणाऱ्या सिकंदरनं ती पानं वाचली. पहिल्यापासून, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. आतून बायकांचं हसू येत होतं आणि इथं हा वाचत होता. जिना. डोळे. ओठ. भुवईवरचं बोट. कुठल्या ओळीवर ते बोट आलंय हे कृष्णातला उलट्या बाजूनंही कळत होतं, कारण प्रत्येक ओळ त्याला पाठ होती. नायकाचा हात केसांत जातो तिथं सिकंदर थांबला. पुढचं न वाचता त्यानं पानांची घडी केली.

"कुणी कुणी वाचलंय?"

"हंबीररावांनी. दुसरं कुणी न्हाय. अजून छापायला गेल्यालं न्हाय. सिकंदर, आईची आन, माझ्या मनात तसलं काय..."

"मनात न्हवतं तर कागदावर कुठनं आलं?"

कृष्णात मफलरीचं टोक पिळत राहिला.

"तुला बडवावा असं वाटतंय," सिकंदर म्हणाला. आवाज चढवायची सोय नव्हती, दार उघडं होतं. "तुझ्याच मफलरीनं बांधून बडवावा. पन ती इचारंल, दादाला का मारलं? मग काय सांगू? हे पुस्तक टपरीवर टांगलं असतं. वडगावच्या स्टँडवर टांगलं असतं. तिचं सासर स्टँडाच्या मागल्या आळीत हाय, ठावं हाय न्हवं तुला?"

"ठावं हाय."

"जाळ हे."

"जाळतो. म्या परत तुमच्या दारात..."

"ते जमायचं न्हाय," सिकंदर म्हणाला. "दारात येणार न्हाय म्हणून सुटतोस व्हय? तू भाऊबीजेला यायचं. न्हाय आलास तर ती वाट बघंल, आन मग इचारंल. यायचं, पाटावर बसायचं, ओवाळून घ्यायचं."

कृष्णातला वाटलं होतं की हा आपल्याला हाकलून देईल. हाकलणं किती सोपं होतं हे त्याला आता कळलं. तेवढ्यात शमशाद बाहेर आली आणि म्हणाली, "आरं, च्या निवला की! दुसरा करू?"

ती पानं त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात घातली. शालूबाई म्हणाली, जमाखर्च का जाळताय? तो म्हणाला, चुकला होता. त्या पाण्यानं त्यानं अंघोळ केली, डोळ्यांत साबण जाईपर्यंत तोंड घासलं, पण त्यानं काय होणार होतं? कागद जळला. ती सगळी ओळन् ओळ डोक्यात तशीच राहिली, आणि त्यातली भाषा चांगली होती हेही डोक्यात राहिलं. त्याला त्याचीच सगळ्यात जास्त किळस आली.

हंबीररावांना त्यानं तीच जागा नव्यानं लिहून दिली. त्यांनी दोन ओळी वाचल्या.

"चाफेकळी? आरं, परत चाफेकळी? ती बाई कुठं गेली?"

"ती न्हाय जमत अण्णा. ती काढून टाकली."

"मारलीस व्हय चांगली जिती बाई?" हंबीरराव खरोखरच हळहळले. सिकंदरनंही कव्हर करायला नाही म्हणून कळवलं होतं. शेवटी त्यांनी जुन्याच कुठल्यातरी पुस्तकाच्या कव्हराचा ब्लॉक लावला आणि पुस्तक काढलं. कृष्णात त्यांना म्हणाला, आता दुसरा गडी बघा. निशिगंधा तिथंच संपली. कुणी दुखवटा पाळला नाही.

भाऊबीजेला तो गेला. शालूबाईनं हौसेनं घेतलेली साडी पिशवीत होती, डोक्यावर टोपी होती. जाताना वाटेत तो एका पानपट्टीच्या दुकानाशी उगीचच उभा राहिला, मग पुढं गेला, मग परत उभा राहिला. दारात पोचला तेव्हा शमशाद वाटच बघत होती.

"किती येळ! निरांजन कवाचं घासून ठेवलंय अम्मीनं."

पाट मांडला होता. भोवती शाळेत शिकलेली रांगोळी. आणि समोरच्या भिंतीवर, काचेत घालून, ते चित्र. सिकंदरनं ते रंगात पुरं केलं होतं. डोक्यावरून पदर आला होता, खाली दोन हात आले होते आणि हातांत ताट होतं. ताटात निरांजन. उजेड खालून का पडलाय, हे आता बघणाऱ्या कुणालाही लगेच कळलं असतं. बहीण भावाला ओवाळतीय, दुसरं काय? पुसलं नव्हतं त्यानं काही. जिथलं होतं तिथं नेऊन ठेवलं होतं.

कृष्णात पाटावर बसला. सिकंदर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. बिबीजान कॉटवर बसून, मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं तरी कौतुकानं इकडं तोंड करून हसत होती.

शमशादनं वात पेटवली आणि ताट उचललं. पितळेचा, तुपाचा, कुंकवाचा तोच लहानपणापासूनचा वास आला. कृष्णातनं तिच्या पायाच्या बोटांवर नजर लावली, मग तीही नको वाटली म्हणून रांगोळीवर लावली.

"दादा, वर बघ की. टिळा कसा लावू?"

त्यानं मान वर केली आणि डोळे मिटून घेतले.

"डोळं का मिटलंस?" ती हसायला लागली. "बघ गं अम्मी, दादा देवळात बसल्यागत बसलाय." तिचं बोट त्याच्या कपाळावर टेकलं, गार आणि ओलं. अक्षता पडल्या. पापण्यांवर उजेडाची ऊब आली, गेली, परत आली. ती ओवाळत होती आणि बोलत होती. "माझ्या व्हणाऱ्या सासूला बी सांगून धाडलंय. म्हणलं, माझा एक भाऊ हाय, मी समोर नसले तरी माझं त्वांड जसंच्या तसं सांगतो. त्या म्हणाल्या, चित्र घेऊनच ये, माजघरात लावू. मी पन ठरवलंय, आलं-गेलं कुणी बी पावणं इचारलं की सांगायचं, हे माझ्या दादानं सांगून काढवलंय."

कृष्णातनं चाचपडत साडीची पिशवी पुढं केली. तिनं ती घेतली, ताट खाली ठेवलं आणि रिवाजाप्रमाणं त्याच्या पायावर वाकली. त्याला पाय मागं ओढून घ्यायचे होते. ओढले असते तर तिनं का म्हणून विचारलं असतं, म्हणून त्यानं ते तसेच ठेवले.

"झालं, दादा. उघड आता डोळं."

तो तसाच बसून राहिला. शमशाद साडी दाखवायला अम्मीकडं गेली, साडीची घडी मोडल्याचा आवाज आला, रंग किती छान हाय म्हणून ती अम्मीला सांगू लागली. दाराकडून सिकंदरचा आवाज आला, अगदी घरातल्या माणसाला सांगावं तसा.

"ऊठ किस्ना. फराळ मांडलाय."